नवा कोणता, जुना कोणता? व्हिडिओ गेमच्या दुकानातील मांडणी

जून महिना उजाडला म्हणजे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांसाठी जी गर्दी उसळते, ती आमच्या वाचकांपैकी अनेकांनी लहानपणी अनुभवली असेल. वरच्या इयत्तेत गेलेल्या मुलाची पुस्तके विकावयाची आणि त्याच पैशांत थोडी भर घालून पुढील इयत्तेची, साधल्यास कोणीतरी नीट वापरलेली पुस्तके घरी आणावयाची, हा व्यवहार कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालत आला. त्यात लपवाछपवीस फारसा वाव नसे. पुस्तक हातात घेतले की ते कोरे की वापरलेले हे डोळ्यांनाच दिसे. पहिल्या पानावरील खोडलेले नाव, समासातील शिसपेन्सिलीच्या खुणा आणि खिळखिळी झालेली बांधणी यांवरून किंमत ठरे. जुने पुस्तक घेण्यात कमीपणा आहे असे कोणास वाटत नसे, आणि जुने पुस्तक नवे म्हणून आपल्या गळ्यात मारले जाईल ही भीतीही नसे.

हे सर्व आज आठवण्याचे कारण मात्र पुस्तके नव्हेत. २०१८ सालच्या उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेत न्यू जर्सी येथे आमच्या धाकट्या बहिणीकडे काही आठवडे राहिलो होतो. तेथे आमच्या तेरा वर्षांच्या भाच्याने एके दिवशी हट्टाने आम्हांस व्हिडिओ गेमच्या दुकानात नेले. मुलांच्या खेळांशी आमचा परिचय तो काय असणार! तथापि त्या दुकानात आणि त्यानंतरच्या दोन दिवसांत जे आमच्या दृष्टीस पडले, त्यावरून अशी दुकाने आपला माल कसा मांडतात आणि तसा का मांडतात, हा विषय वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही अशी आमची खात्री झाली. घरातील मुलांच्या हौसेसाठी जो पैसा आज प्रत्येक कुटुंबातून बाहेर जातो, त्याचा थोडाबहुत वाटा या खेळांकडे वळतो. तेव्हा तो कसा जातो हे घरच्या वडीलधाऱ्यांनी जाणून घ्यावे हे युक्तच होय.

दुकानाची रचना

दुकान फार मोठे नव्हते. आपल्याकडील एखाद्या बऱ्यापैकी औषधांच्या दुकानाएवढे. ते एका स्थानिक गृहस्थाचे होते. भिंतींची वाटणी खेळयंत्रांच्या जातींप्रमाणे केलेली. एकीकडे प्लेस्टेशनच्या निळ्या डब्या, दुसरीकडे एक्सबॉक्सच्या हिरव्या आणि तिसरीकडे निन्टेन्डो स्विचच्या अरुंद, पारदर्शक डब्या. डोळ्यांच्या उंचीवर जी फळी होती तीवर नवे खेळ मांडलेले होते, आणि प्रत्येक डबीचे चित्र गिऱ्हाइकाकडे तोंड करून होते. एकाच खेळाच्या पाच-सहा डब्या शेजारी शेजारी ठेवल्यामुळे भिंतीचा तेवढा भाग एखाद्या मोठ्या जाहिरातीसारखा दिसे.

वापरलेल्या मालाची तऱ्हा वेगळी. तो खालच्या फळ्यांवर आणि मधल्या मेजांवर होता. पुस्तके कपाटात उभी लावावीत त्याप्रमाणे त्या डब्या दाटीवाटीने उभ्या केलेल्या होत्या. दिसे ती केवळ नावाची कड. प्रत्येकीवर ठळक रंगाची किंमतपट्टी चिकटविलेली. त्याहून स्वस्त माल टोपल्यांत सरमिसळ टाकलेला. उलट फार जुने व दुर्मिळ झालेले खेळ मात्र गल्ल्याजवळ काचेच्या कपाटात, कुलपाच्या आत, सराफाच्या दागिन्यांप्रमाणे विराजमान झालेले.

या रचनेमागे अर्थशास्त्र आहे. नव्या खेळाच्या अनेक प्रती एकदम येतात आणि तो खेळ प्रसिद्ध झाल्यापासूनच्या पहिल्या काही आठवड्यांतच त्याचा मोठा खप होतो. म्हणून त्याचे तोंड लोकांस दिसले पाहिजे. शिवाय प्रकाशक मंडळी मोक्याच्या जागेसाठी आणि भित्तिपत्रकांसाठी दुकानदारांस साहाय्य करीत असतात. वापरलेल्या खेळाची बहुधा एकेकच प्रत असते. तिच्यासाठी जाहिरात कोण करणार? तेथे थोड्या जागेत पुष्कळ नावे मावणे महत्त्वाचे, आणि स्वस्ताईच्या शोधात असलेले गिऱ्हाईक वाकून, चाळून, आपणहून ती शोधून काढते.

रिकामी डबी

आमच्या भाच्याने वाढदिवसाचे पैसे साठविले होते. त्यांत भर म्हणून त्याने आपले आठ जुने खेळ पिशवीत घालून आणले होते. मालकाने एकेक चकती उजेडात धरून ओरखडे पाहिले आणि आठांचे मिळून ४१ डॉलर सांगितले. तेही त्याच दुकानातून दुसरा माल घेतल्यास. रोख हवे असल्यास त्याहून कमी. मुलाचा चेहरा उतरला, परंतु त्याने मान हलविली. त्यास हवा असलेला नवा खेळ ६० डॉलरांचा होता. त्याचीच वापरलेली प्रत ५५ डॉलरांस होती. "मामा, पाचच डॉलरांचा फरक आहे, मी कोराच घेतो," असे म्हणून त्याने भिंतीवरील डबी गल्ल्यावर नेली.

ती डबी रिकामी होती! मालकाने पाठीमागील खण उघडला, कागदी पाकिटातून एक चकती काढली, डबीत बसविली आणि डबीच्या तोंडावर एक गोल चिठ्ठी डकवून ती मुलापुढे सरकविली. कारखान्यातून येणारे पातळ पारदर्शक वेष्टन तिला नव्हते. आमची बहीण म्हणाली, "ही तर उघडलेली प्रत आहे. हिला नवी कशी म्हणावयाचे?" मालकाने शांतपणे उत्तर दिले की, हा खेळ अद्याप कोणी खेळलेला नाही, चोरीच्या भयास्तव एक प्रत उघडून तिची डबी मांडावी लागते, चकती आत ठेवावी लागते, आणि बाकीच्या प्रती संपल्या की तीच शेवटी विकली जाते.

ही पद्धत त्या एकाच दुकानाची नव्हे. अमेरिकेतील या धंद्यात ती पुष्कळ वर्षे रूढ आहे. चोरीचे भयही खोटे नाही. साठ डॉलरांची चकती खिशात सहज मावते. तरीपण "कोणी खेळलेला नाही" हे गिऱ्हाइकाने केवळ दुकानदाराच्या शब्दावर मानावयाचे असते. वेष्टन हाच काय तो पुरावा, आणि तो आधीच नाहीसा झालेला! आम्ही काही बोलणार, तोच बहीण म्हणाली, "दादा, तू थांब, हे मी पाहते." तिने मालकास एवढेच सांगितले की, नव्याची किंमत घ्यावयाची असेल तर वेष्टनातील प्रत द्या, उघडलेली द्यावयाची असेल तर वापरलेल्याची किंमत घ्या. मालक क्षणभर घुटमळला आणि दोन दिवसांत बंद प्रत मागवून देण्याचे त्याने कबूल केले. भाच्याने दोन दिवस वाट पाहिली. त्या वयात दोन दिवस म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

नफा कशात आहे?

दोन दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा बंद प्रत तयार होती. परंतु भाचा वापरलेल्या मालाच्या फळीपाशी थबकला. त्याने विकलेल्यांपैकी एक खेळ तेथे उभा होता. आतील चित्रावर त्याच्या धाकट्या बहिणीने कधीकाळी ओढलेली शाईची रेघ स्पष्ट दिसत होती. त्या खेळाचे त्यास ६ डॉलर मिळाले होते. पट्टीवर १८ डॉलर लिहिले होते. घरी येईपर्यंत तो बोलला नाही.

त्यास फसविले असे आम्ही म्हणणार नाही. दुकानदार भाडे देतो, चकती साफ करतो, ती बिघडलेली निघाल्यास ठराविक दिवसांत परत घेतो, आणि कित्येक खेळ महिनोन्‌महिने न विकता पडून राहतात त्यांचा भारही सोसतो. परंतु या धंद्याचे खरे पोट कोठे भरते हे समजून घेणे अवश्य आहे. या व्यापारातील जगप्रसिद्ध कंपनी गेमस्टॉप हिचे २००८ या आर्थिक वर्षाचे आकडे बोलके आहेत. तिच्या एकूण विक्रीत वापरलेल्या मालाचा वाटा सुमारे २३ टक्के होता, पण ढोबळ नफ्यात तोच वाटा सुमारे ४३ टक्क्यांवर गेला. शंभर डॉलरांचा वापरलेला माल विकला की जवळजवळ ४८ डॉलर ढोबळ नफा. नवे खेळ विकले तर सुमारे २१. आणि नवी खेळयंत्रे विकली तर अवघे सहा-सात डॉलर. म्हणजे भिंतीवर जे डोळ्यांत भरते ते गिऱ्हाइकास आत ओढण्यासाठी, आणि खाली जे दाटीने उभे असते ते दुकान चालविण्यासाठी! "याचीच वापरलेली प्रत पाच डॉलर स्वस्त आहे, देऊ का?" असे गल्ल्यावरील मनुष्य आपुलकीने विचारतो, त्याचे मर्म हेच होय.

प्रकाशक आणि न्यायालये

वापरलेली प्रत विकली गेली की प्रकाशकास त्यातून छदामही मिळत नाही. साहजिकच हा व्यापार त्यांच्या डोळ्यांत सलत आला. परंतु हा तंटा खेळांपेक्षा पुष्कळ जुना आहे. अमेरिकेत एका प्रकाशकाने 'द कास्टअवे' या कादंबरीत, हे पुस्तक एक डॉलरहून कमी किंमतीस विकू नये, अशी सूचना छापली होती. मेसी या दुकानाच्या मालकांनी ते ८९ सेंटांस विकले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९०८ साली निकाल लागला तो दुकानाच्या बाजूने. एकदा विकलेल्या प्रतीच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा अंमल चालत नाही, हे तत्त्व पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या कायद्यात समाविष्ट झाले. वापरलेल्या खेळांची सर्व फडताळे याच तत्त्वावर उभी आहेत.

जपानमध्ये हाच प्रश्न खुद्द व्हिडिओ गेमच्या बाबतीत उपस्थित झाला. हे खेळ चित्रपटासारखे असल्यामुळे त्यांच्या वितरणावर आमचा कायमचा हक्क आहे, असे तेथील कंपन्यांचे म्हणणे होते. २५ एप्रिल २००२ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या विक्रीबरोबर तो हक्क संपतो, असा निर्णय देऊन वापरलेल्या खेळांचा व्यापार निर्वेध केला.

न्यायालयात जे साधले नाही ते यंत्राच्या आधारे साधण्याचे प्रयत्न पुढे झाले. २०१० साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने नव्या डबीत एकदाच चालणारा संकेतांक घालण्यास आरंभ केला. वापरलेली प्रत घेणाऱ्यास इतरांबरोबर खेळण्यासाठी तो वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. तीन वर्षांनी ही पद्धत कंपनीने स्वतःच सोडून दिली. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या यंत्रासाठी जुन्या खेळांच्या देवघेवीवर निर्बंध जाहीर केले. लोकांत एवढा क्षोभ उसळला की १९ जून रोजी तिला ते मागे घ्यावे लागले. त्याच वेळी प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने काही सेकंदांचे एक चित्रण प्रसिद्ध केले होते. आमच्या यंत्रावर खेळ मित्रास कसा द्यावा, याचे उत्तर म्हणून त्यात एक गृहस्थ दुसऱ्याच्या हातात डबी ठेवतो, इतकेच!

दुकानेही सर्वस्वी निर्दोष नव्हती. २०११ च्या ऑगस्टमध्ये 'डेउस एक्स: ह्यूमन रिव्होल्यूशन' या खेळाच्या संगणकावरील आवृत्तीत एका प्रतिस्पर्धी सेवेचे मोफत प्रवेशपत्र असल्याचे आढळताच, गेमस्टॉपने आपल्या नोकरांकरवी डब्या उघडून ते काढून टाकविले, आणि त्या डब्या नव्या म्हणूनच विकल्या. बोभाटा झाल्यावर कंपनीने क्षमा मागून गिऱ्हाइकांस ५० डॉलरांची भेटपत्रे दिली. "नवे" या शब्दाचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा आमच्या बहिणीने विचारलेला प्रश्न तेव्हा साऱ्या अमेरिकेने विचारला होता.

जपानी दुकानदाराची चिठ्ठी

या बाबतीत जपानी दुकानांची रीत आम्हांस विशेष अनुकरणीय वाटते. टोकियोतील अकिहाबारा आणि ओसाकातील निप्पोनबाशी या भागांत जुन्या खेळांची दुकाने आहेत. तेथे वापरलेली वस्तू पारदर्शक पिशवीत घालून मांडतात आणि चिठ्ठीवर तिचे दोष लिहितात: मूळ डबा नाही, माहितीपुस्तिका नाही, उन्हाने रंग उडाला आहे. त्यानुसार एकाच खेळाच्या दोन प्रतींच्या किंमती भिन्न असतात. ज्या वस्तूच्या चालण्याची हमी नाही ती 'जंक' म्हणून वेगळ्या टोपलीत पडते. ती परत घेतली जात नाही, हे घेणाऱ्यास आधीच ठाऊक असते. दुरुस्तीचा छंद असलेले लोक त्या टोपल्यांभोवती तासन्‌तास रमतात. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगाऱ्यापुढे उकिडवे बसलेले आमचे एक स्नेही आम्हांस अशा वेळी आठवतात. दोष सांगितला म्हणून गिऱ्हाईक दूर जात नाही. उलट त्याचा विश्वास बसतो, आणि विश्वासावर दुकान टिकते.

फळीच नाहीशी झाली तर?

आता काळ पुन्हा पालटला आहे. खेळ दुकानातून न आणता इंटरनेटवरून थेट यंत्रात उतरवून घेण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. २०२० साली निघालेल्या प्लेस्टेशन ५ च्या एका प्रकारात आणि एक्सबॉक्स सिरीज एस या यंत्रात चकती घालावयाची सोयच ठेवलेली नाही. २०१७ च्या आरंभी गेमस्टॉपची सर्व मिळून साडेसात हजारांच्या घरात दुकाने होती. २०२४ च्या आरंभी ती चार हजारांच्या आसपास उरली. उतरवून घेतलेला खेळ विकता येत नाही, की डबीसारखा कोणासही कायमचा देऊन टाकता येत नाही. नवा आणि जुना हा भेदच तेथे लोपतो. किंमत बहुधा नव्याची पडते, आणि हाती येते ती वस्तू नव्हे, केवळ वापरण्याची परवानगी.

हे लोकांस स्पष्ट कळावे म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदा केला. तो १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आला. त्यानुसार, अशा मालासाठी "विकत घ्या" असा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याने, आपण केवळ परवाना देत आहोत हे ग्राहकास स्पष्ट सांगितले पाहिजे. आमच्या मते ही जपानी दुकानदाराची चिठ्ठीच होय. फक्त ती कायद्याने लावावयास लावली.

फळीवरील डबीदेखील आता पूर्वीसारखी विश्वासार्ह राहिलेली नाही. 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या खेळाचे मध्यवर्ती संगणक त्याच्या प्रकाशकाने ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले. त्या दिवसापासून ज्यांच्या घरी त्याची चकती होती त्यांसही तो खेळता येईना. २०२५ साली आलेल्या स्विच २ या यंत्राचे कित्येक खेळ अशा पट्टीवर मिळतात की, तीत खेळ नसून खेळ उतरवून घेण्याची किल्ली तेवढी असते. डबीवर तशी सूचना छापलेली असते, पण ती वाचतो कोण?

घरच्या वडीलधाऱ्यांसाठी

म्हणून आमची सूचना अशी की, मुलांबरोबर अशा दुकानात एकवार तरी अवश्य जावे, आणि पुढील गोष्टी त्यांच्याकडूनच करवून घ्याव्यात. नव्याची किंमत देताना वेष्टन शाबूत आहे की नाही ते पाहावे. नव्याच्या आणि वापरलेल्याच्या किंमतीत फरक थोडा असेल तर नवा घ्यावा. पुष्कळ असेल तर वापरलेला घेण्यात संकोच मानू नये. वापरलेली चकती उजेडात धरून पाहावी, आणि किती दिवसांत परत घेतील हे विचारून पावती जपून ठेवावी. खेळ चालविण्यास इंटरनेट लागते काय, हे डबीवर वाचावे. आणि आपला खेळ दुकानदारास विकण्यापूर्वी तो शेजारच्या मुलास थेट विकता येईल काय, हा विचार करावा. सहा आणि अठरा यांच्या मधली कोणतीही किंमत दोघांसही लाभाचीच आहे.

ही शेवटची युक्ती आमची नव्हे, भाच्याची आहे. त्या दिवशी घरी आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. रात्री जेवण झाल्यावर त्याने आपले उरलेले खेळ फडताळातून काढले, मऊ फडक्याने एकेक चकती पुसली आणि कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या करून प्रत्येक डबीत घातल्या. आम्ही एक उघडून पाहिली. तीवर लिहिले होते: एक ओरखडा आहे, पण चालतो, पुस्तिका आहे, मागू ती किंमत १० डॉलर. आठवड्याच्या आत त्याच्या शाळेतील मुलांनी त्यांपैकी पाच खेळ नेले, आणि एकही परत आला नाही.